फिरत्या मुक्कामातली सोबत
(प्रस्तावना)

जोडीदार शोधण्याच्या बहुतेक सगळ्या रीतींमागे एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते, ती म्हणजे माणूस कुठेतरी राहतो. आपल्याकडच्या वधू-वर सूचक मंडळाच्या अर्जात शिक्षण आणि पगार यांच्याइतकेच महत्त्व मूळ गाव, सध्याचा पत्ता आणि स्वतःचे घर यांना असते. मुलेमुली आपापली निवड करतात तिथेही ती कॉलेज, कचेरी, शेजार आणि मित्रमंडळी यांच्या कक्षेतच होते, आणि या साऱ्या कक्षा कुठल्या ना कुठल्या ठिकाणाला बांधलेल्या असतात. मग ज्याचे घरच चाकांवर आहे, जो या पंधरवड्यात वाळवंटात तर पुढच्या पंधरवड्यात डोंगरापलीकडे असतो, त्याने सोबत शोधायची कुठे आणि कशी? हा या पुस्तकाचा विषय आहे. वरवर पाहता तो थोड्याशा लोकांच्या अडचणीचा वाटेल. माझ्या मते मात्र माणसे एकमेकांच्या जवळ मुळात कशी येतात, हे त्यातून जितके स्वच्छ दिसते तितके स्थिर वस्तीत दिसत नाही. घर, शेजार आणि नोकरी ज्या गोष्टी आपल्यासाठी आपसूक करून टाकतात, त्या रस्त्यावरच्या माणसाला जाणूनबुजून कराव्या लागतात. आणि जाणूनबुजून करावे लागले की त्या गोष्टीचे खरे घटक कोणते, हे कळते.

पुढील प्रकरणांतला प्रदेश मुख्यतः अमेरिकेचा आहे. वाहनात राहण्याची परंपरा तिथे शंभर वर्षांहून जुनी आहे. मोटारीला तंबू किंवा घरगुती बनावटीची खोली जोडून हिवाळ्यात दक्षिणेकडे उतरणाऱ्या प्रवाशांनी १९१९ साली फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात ‘टिन कॅन टुरिस्ट्स’ ही संघटना उभी केली. झोपण्या-रांधण्याची सोय असलेली वाहने, म्हणजे ज्यांना तिथे आरव्ही म्हणतात ती, बाळगणारी कुटुंबे या उद्योगाच्या संघटनेच्या २०२१च्या पाहणीनुसार सुमारे १ कोटी १२ लाख होती. त्यांतली बहुसंख्य सुटीपुरती बाहेर पडून घरी परततात. पण ज्यांना परतायला दुसरे घरच नाही असा एक लहानसा वर्ग त्यांच्यात आहे आणि तो स्वतःला ‘फुल-टाइमर’ म्हणवतो. घर विकून निघालेली निवृत्त जोडपी त्यात आहेत, लॅपटॉपवर काम करणारे तरुण आहेत, आणि घरभाडे भागत नाही म्हणून व्हॅनमध्ये गादी टाकणारेही आहेत. २००८च्या मंदीने या शेवटच्या गटात किती वयस्क माणसांना लोटले, हे जेसिका ब्रूडर यांच्या २०१७ सालच्या ‘नोमॅडलँड’ या पुस्तकामुळे जगाला कळले. या साऱ्यांत जे एकटे आहेत त्यांना ‘सोलो’ म्हणतात. कुणी घटस्फोटित, कुणी विधवा किंवा विधुर, कुणी कधीच लग्न न केलेले. या पुस्तकाच्या केंद्रस्थानी आहेत ते हे सोलो.

त्यांच्याविषयीचा रूढ समज सोपा आहे: फिरतीचे आयुष्य आणि सोबत एकत्र नांदत नाहीत, सोबत हवी असेल तर थांबावे लागते. मला हा समज चुकीचा वाटतो, आणि तो का चुकीचा आहे हे सांगणे हाच या प्रस्तावनेचा हेतू आहे. माझे म्हणणे असे, की सोबतीच्या आड येते ती फिरती नव्हे. पुन्हा भेट होण्याची शाश्वती नसणे आड येते. दोन माणसे सतत हलत असली तरी ती ठरावीक काळाने, ठरावीक जागी, पुन्हा पुन्हा आणि घाई न करता भेटणार असतील, तर त्यांच्यात जवळीक वाढायला कायमच्या पत्त्याची गरज पडत नाही. उलट कायमचा पत्ता असूनही ही पुनर्भेट होत नसेल, तर शहरातल्या भरवस्तीतही माणूस एकटाच राहतो. म्हणून रस्त्यावरच्या माणसाने आधी शोधायला हवा तो वर्षाचा असा क्रम, ज्यात तीच माणसे पुन्हा भेटत राहतील. व्यक्ती त्यानंतर सापडते.

याला आधार काय? समाजशास्त्रज्ञ जेम्स बोसार्ड यांनी १९३२ साली फिलाडेल्फियातल्या पाच हजार विवाह-परवान्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लग्नाआधी वधू-वरांचे पत्ते एकमेकांपासून किती लांब होते एवढेच त्यांनी मोजले होते, आणि सुमारे एकतृतीयांश जोडप्यांमधले अंतर पाच गल्ल्यांच्या आत निघाले. १९५० साली लिऑन फेस्टिंगर, स्टॅनली शॅक्टर आणि कर्ट बॅक यांनी एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीतल्या मैत्र्यांचा नकाशा मांडला. तिथे शेजारच्या दारांमध्ये मैत्री सर्वाधिक होतीच, पण ज्यांचे घर जिन्याजवळ किंवा टपालपेट्यांजवळ होते त्यांचे मित्र इतरांपेक्षा जास्त होते. हा दुसरा निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो. जिन्याजवळ राहणारा माणूस स्वभावाने अधिक मनमिळाऊ नव्हता. त्याच्या दारावरून लोक अधिक वेळा जात होते, इतकेच. १९६८ साली रॉबर्ट झायन्स यांनी प्रयोगांतून दाखवले, की एखादी गोष्ट वारंवार नजरेसमोर आली तरी तेवढ्यानेच तिच्याविषयीची पसंती वाढते. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ साली मैत्रीला लागणाऱ्या वेळाचा अंदाज मांडला: साध्या मैत्रीला सुमारे ५० तास, खऱ्या मैत्रीला ९०च्या आसपास आणि जिवलग मैत्रीला दोनशेहून अधिक. हा अभ्यास मैत्रीचा आहे, प्रेमाचा नाही. पण उतारवयात, एकदा संसार करून झालेल्या माणसांमध्ये, प्रेमाची वाट बहुधा मैत्रीतूनच जाते, म्हणून हे आकडे इथे विचारात घ्यायला हवेत.

आता हे आकडे रस्त्यावर लावून पाहा. अमेरिकेच्या पश्चिमेकडील सार्वजनिक जमिनींचा मोठा भाग ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय खात्याकडे आहे. तिथे वीज-पाण्याच्या जोडणीविना फुकट मुक्काम करता येतो आणि कमी पैशांत राहणाऱ्यांचा सारा भरवसा याच जमिनींवर असतो. पण नियम साधारणपणे असा, की २८ दिवसांच्या काळात एका जागी १४ दिवसांहून जास्त राहायचे नाही. या मुदतीत शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन वाहनांतल्या माणसांनी रोज तीन तास एकत्र घालवले, तरी एकूण भरतात ४२. म्हणजे साध्या मैत्रीच्या उंबरठ्याशी पोहोचण्याआधीच दोघांच्या वाटा फुटतात. शहरांत अवस्था याहून कठीण आहे. अनेक ठिकाणी रात्री वाहनात झोपायला बंदी आहे, आणि २०२४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात सार्वजनिक जागी मुक्काम करणाऱ्यांना दंड करण्याचा नगरपालिकांचा अधिकार मान्य केल्यापासून अशा बंदीला बळ मिळाले आहे. ज्याला दर दोन दिवसांनी नजर चुकवून जागा बदलावी लागते त्याला शेजार लाभत नाही, आणि शेजार नाही त्याच्या दारावरून कुणी जात नाही. पण हिशेबाची दुसरी बाजूही पाहावी. तीच दोन माणसे वर्षभरात अशा पाच मुक्कामांवर पुन्हा भेटली, तर तेच ४२ तास २१० होतात. दोन्ही हिशेबांत फिरती तेवढीच आहे. फरक पडला तो पुन्हा भेटण्याने.

पिढ्यान्‌पिढ्या फिरत आलेल्या समाजांनी हे केव्हाच ओळखले होते. नायजर आणि आसपासच्या प्रदेशातले वोडाबे पशुपालक वर्षभर लहान लहान गटांत विखुरलेले असतात. पावसाळ्याच्या अखेरीस चारा-पाणी मुबलक असते तेव्हा कुळे एकत्र येतात आणि गेरेवोल साजरा होतो. त्यात चेहरे रंगवून नाचतात ते तरुण पुरुष, आणि निवड करतात त्या स्त्रिया. इंग्लंडच्या कंब्रिया परगण्यातल्या ॲपलबी गावी जूनच्या सुरुवातीला जिप्सी आणि ट्रॅव्हलर समाजांचा घोडेबाजार भरतो. व्यवहार घोड्यांचा असला तरी तरुण मुलामुलींनी एकमेकांना पाहण्याची, कुटुंबांनी ओळखी वाढवण्याची जागा तीच. महाराष्ट्रात पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांच्या यात्रेसाठी होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत भटके समाज जमत आले आहेत. तिथला गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे, तसाच पौष पौर्णिमेचा जेजुरीचा. वैदू, गोपाळ, कोल्हाटी अशा अनेक जमाती वर्षभर वेगवेगळ्या वाटांनी फिरत, पण यात्रा चुकवत नसत, कारण जनावरांच्या खरेदी-विक्रीबरोबर सोयरिकी, भांडणांचे निवाडे आणि सुखदुःखाच्या बातम्या सगळे तिथेच होत असे. या तिन्ही उदाहरणांत समाज वेगळा, धर्म वेगळा, हवामान वेगळे. तरी उपाय एकच निघावा, हा योगायोग मानता येत नाही. फिरणाऱ्यांना गाव नसते, पण पंचांग असते, आणि लग्ने त्या पंचांगाच्या आधाराने जुळतात.

अमेरिकेतल्या नव्या भटक्यांना हे पंचांग वारशाने मिळाले नव्हते. ती माणसे एकेकटी निघाली. कुळ, जमात, यात्रा यांपैकी काहीच त्यांच्या पाठीशी नव्हते. तरीही शंभर वर्षांत त्यांनी हळूहळू तेच पुन्हा घडवले, आणि माझ्या म्हणण्याला हा सर्वांत भक्कम पुरावा वाटतो. १९७०च्या आसपास ‘लोनर्स ऑन व्हील्स’ हा केवळ एकट्या प्रवाशांचा संघ निघाला. पुढे न्यू मेक्सिकोतल्या डेमिंग इथे त्याला स्वतःचा तळ मिळाला. १९७८ साली जो आणि के पीटरसन या जोडप्याने ‘एस्केपीज’ क्लब सुरू केला. टेक्सासातल्या लिव्हिंग्स्टन गावातून तो सभासदांचे टपाल पुढे पाठवतो, आणि म्हातारपणी गाडी चालवणे अशक्य झालेल्यांना आपल्याच वाहनात राहून आधार मिळावा म्हणून तिथे केंद्रही चालते. १९८०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या ‘वाँडरिंग इंडिव्हिज्युअल्स नेटवर्क’ या एकट्यांच्या संघाने वर्षभराच्या मुक्कामांचे वेळापत्रकच छापायला घेतले; ज्याला जिथे जमेल तिथे त्याने यावे आणि वाटेल तेव्हा निघावे. २०११ साली बॉब वेल्स यांनी ॲरिझोनातल्या क्वार्टझाइटजवळच्या वाळवंटात ‘रबर ट्रॅम्प रॉन्देव्हू’ हा मेळावा भरवला तेव्हा जमलेली माणसे थोडीच होती. दशक संपेपर्यंत ती हजारोंच्या घरात गेली. क्वार्टझाइटची कायम वस्ती अडीच हजारांच्या आसपास, पण हिवाळ्यात तिथे वाहनांचे शहर उभे राहते. कारण तिथल्या ला पोसा भागात १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल अशी सात महिने राहण्याची परवानगी एकरकमी शुल्क भरून मिळते. १४ दिवसांची मुदत जिथे सैल झाली, तिथेच फिरत्यांची सर्वांत मोठी वस्ती उभी राहिली, हे नीट लक्षात घ्यावे. हंगामी कामेही अशीच पुनर्भेट घडवतात. ऑक्टोबरात मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटाच्या सीमेवरच्या रेड रिव्हर खोऱ्यात शुगर बीटच्या काढणीला वाहनवासी मजूर जमतात; बारा-बारा तासांच्या पाळ्यांत शेजारी उभे राहून काम केलेली माणसे पुढच्या वर्षी पुन्हा त्याच जागी भेटतात. सोबत शोधायला तिथे कुणी जात नाही, आणि ती सापडायला हे अनुकूलच ठरते.

यावर पहिला आक्षेप आजच्या तरुणाचा असेल: हे सगळे मोबाइलच्या आधीचे झाले, आता ओळखीला जागा कशाला हवी? आक्षेपात तथ्य आहे. मायकेल रोझेनफेल्ड आणि सहकाऱ्यांच्या २०१९च्या अभ्यासानुसार २०१७ साली भेटलेल्या अमेरिकी स्त्री-पुरुष जोडप्यांपैकी सुमारे ३९ टक्के ऑनलाइन भेटली होती; मित्रांमार्फत झालेल्या ओळखींनाही या मार्गाने मागे टाकले. पण ही जोडपी ऑनलाइन भेटली, ऑनलाइन राहिली नाहीत. पहिल्या संदेशानंतरची दुसरी, पाचवी, विसावी भेट त्यांना सहज शक्य होती, कारण दोघे बहुधा एकाच शहरात किंवा जवळपास होते. बहुतेक डेटिंग ॲप माणसे दाखवतात तीही आजच्या अंतराच्या आधाराने. जो परवा तीनशे मैल पुढे असेल त्याच्यासाठी या यादीतले प्रत्येक नाव दोन दिवसांचे असते, आणि समोरच्या स्थायिक माणसालाही हा प्रवासी परत येईल का, याचा भरवसा नसतो. ॲप पहिली भेट स्वस्त करते. पुढच्या भेटींची तजवीज त्याला करता येत नाही. मेळाव्यात झालेली ओळख पुढच्या मेळाव्यापर्यंत जिवंत ठेवायला मात्र फोनइतके उपयोगी दुसरे साधन नाही. पूर्वी दोन यात्रांमधले अकरा महिने मुके जात. आता ते बोलके झाले आहेत. म्हणून मी फोनला वार्षिक भेटीचा पर्याय मानत नाही, तिचा पूरक मानतो, आणि पुढील प्रकरणांत त्याचा विचार याच नात्याने झाला आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. रस्ता धरणारी माणसे एकांतासाठीच निघतात, मग त्यांना सोबत हवी असे आपण कोण ठरवणार? ज्यांना खरोखरच एकटे राहायचे आहे त्यांच्या निवडीचा मान राखलाच पाहिजे. विवाहित असणे हीच माणसाची पूर्णता, असे मानणाऱ्या आपल्या समाजाला तर हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. ‘लोनर्स ऑन व्हील्स’चा एक नियम या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे: सभासदांपैकी कुणी जोडीने राहू लागले की त्यांना संघ सोडावा लागे. डोरोथी आणि डेव्हिड काउंट्स या मानववंशशास्त्रज्ञ पती-पत्नींनी वाहनवासी ज्येष्ठांवर लिहिलेल्या १९९६च्या ग्रंथात या एकट्यांच्या संघांची दखल घेतली आहे. वरवर कठोर वाटणारा हा नियम एकट्यांना संरक्षण देत असे. इथे येणाऱ्याकडे कुणी लग्नाचा उमेदवार म्हणून पाहणार नाही, जोडप्यांच्या घोळक्यात तो उपरा ठरणार नाही, याची ती हमी होती. पण त्याच नियमातून दुसरीही गोष्ट सिद्ध होते. नियम करावा लागला, म्हणजे जोड्या जुळत होत्या. सोबत शोधण्याचे दडपण काढून टाकलेल्या जागी माणसे वारंवार भेटत राहिली आणि त्यांतली काही एकमेकांना सापडली. एकांत हवा असणे आणि एकटेपणा सोसणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत. एकाच माणसाच्या आयुष्यात त्या आळीपाळीने येतात. केवळ एकांतच हवा असता, तर हजारो माणसांनी दर जानेवारीत एकाच वाळवंटाची वाट धरली नसती.

तिसरा आक्षेप कथा-चित्रपटांनी रुजवला आहे. ‘नोमॅडलँड’वर क्लोई झाओ यांनी केलेल्या चित्रपटाला २०२१ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. त्यात नायिका फर्न हिच्याविषयी आपुलकी असलेला डेव्ह शेवटी मुलाच्या घरी स्थिरावतो आणि तिलाही राहायला बोलावतो. ती एका पहाटे निघून जाते. चित्रपट सुंदर आहे आणि फर्नचा निर्णय तिच्यापुरता खरा आहे. पण त्यात निवड दोनच गोष्टींत उरते: घर आणि माणूस, किंवा रस्ता आणि एकाकीपण. प्रत्यक्षात तिसरी वाट आहे आणि तिच्यावरून बरीच माणसे चालत आहेत. ज्यांनी ‘एस्केपीज’ उभारला ते पीटरसन स्वतः रस्त्यावरचे जोडपे होते. अनेक सोलो जोड्या आपापली वाहने ठेवतात. एकाच तळावर शेजारी शेजारी उभ्या राहतात, जेवण एकत्र करतात, कधी महिनाभर वेगळ्या वाटांनी जातात आणि ठरलेल्या तारखेला परत भेटतात. साठ-सत्तर चौरस फुटांच्या व्हॅनमध्ये दोन प्रौढ माणसांनी चोवीस तास काढणे किती अवघड असते हे पाहिले, तर ही व्यवस्था शहाणपणाची वाटते. तिला आर्थिक बाजूही आहे. अमेरिकेत विधवेने किंवा विधुराने साठीच्या आत पुनर्विवाह केला तर मृत जोडीदाराच्या नोंदीवर मिळणारे सोशल सिक्युरिटीचे मासिक साहाय्य सामान्यतः बंद होते. गरीब वृद्धांना मिळणाऱ्या पूरक साहाय्यात जोडप्याची कमाल रक्कम एकट्याच्या दुप्पट नसते, दीडपट असते. तुटपुंज्या उत्पन्नावर जगणाऱ्याला लग्नाची ही किंमत परवडत नाही. म्हणून दोन वाहने आणि एक सोबत ही रचना बेजबाबदारीची खूण समजू नये. परिस्थितीचा पूर्ण हिशेब करून ती निवडलेली असते.

चौथा प्रश्न सुरक्षिततेचा आहे आणि तो स्त्रियांच्या बाजूने विचारला गेला पाहिजे. व्हॅनमध्ये शिरणे म्हणजे दुसऱ्याच्या घरात, वाहनात आणि सत्तेत एकदमच शिरणे. भांडण झाले तर उठून जायला दुसरी खोली नसते, आणि किल्ली एकाच्याच खिशात असते. २०२१च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत व्हॅनने फिरणाऱ्या एका तरुण जोडप्याला युटातल्या मोआबजवळ पोलिसांनी थांबवले, दोघांना एका रात्रीपुरते वेगळे ठेवले आणि जाऊ दिले. काही दिवसांनी वायोमिंगमध्ये त्या तरुणीचा तिच्या वाग्दत्त वरानेच खून केला. या घटनेतून कुणी असा निष्कर्ष काढील, की बाईने रस्त्यावर सोबत शोधूच नये. मला त्यातून उलटे दिसते. धोका वाढतो तो साक्षीदार नसल्याने: दोघांना आधीपासून ओळखणारे, पुन्हा भेटणारे, ‘यंदा ती गप्प का?’ असे विचारणारे कुणी नसल्याने. फिरत्या मेळाव्यांत ही नजर तयार होते. ‘रबर ट्रॅम्प रॉन्देव्हू’बरोबर स्त्रियांचा स्वतंत्र मेळावा भरू लागला, ‘आरव्हींग विमेन’ ही खास स्त्रियांची संघटना तर १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे. तिथे यंत्राची दुरुस्ती शिकवली जाते तशी कुणावर किती विश्वास ठेवावा याची देवाणघेवाणही होते. या पुस्तकातला सल्ला मी इथेच ठासून सांगतो: नाते कितीही गाढ झाले तरी स्वतःचे वाहन, स्वतःची किल्ली आणि निघून जाण्यापुरते पैसे हातचे सोडू नयेत.

पण नजर ठेवणारा समाज म्हटला की आपल्याकडच्या वाचकाच्या मनात पाचवा आक्षेप उभा राहील, आणि तो योग्यच आहे. मढीच्या यात्रेत सोयरिकी जमत, तशा जातपंचायतीही बसत. तिथे पाळण्यातल्या मुलींची लग्ने ठरली, जातीबाहेर प्रेम करणाऱ्यांना वाळीत टाकले गेले, पंचांनी दंड वसूल केले. नाशिकमधल्या एका हत्येनंतर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २०१३ साली जातपंचायतींना मूठमाती देण्याची मोहीम उघडली, आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदा २०१७ पासून लागू झाला. हा इतिहास विसरून यात्रेचे गोडवे गाणे मला मान्य नाही. मात्र यात्रा आणि पंचायत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुनर्भेटीची जागा असणे म्हणजे त्या जागेवर कुणाची सत्ता असणे नव्हे. जुन्या भटक्या जमातीत वाळीत पडलेल्याला दुसरी यात्रा नव्हती. पूर्वी १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि नंतर गावोगावच्या संशयाने बाहेरची दारे बंदच ठेवली होती, त्यामुळे पंचांचा शब्द अखेरचा ठरे. अमेरिकेतले संघ ऐच्छिक आहेत आणि एकाच माणसाला अनेक मेळावे खुले आहेत. एका ठिकाणी जाच झाला तर तो दुसरीकडे जाऊ शकतो. बाहेर पडण्याचा रस्ता मोकळा आहे तोवर समाजाची नजर आधार देते, आणि तो बंद झाला की तीच नजर पहारा होते. रस्त्यावरच्या सोबतीचा विचार करताना ही सीमारेषा सतत डोळ्यांसमोर ठेवावी लागेल.

शेवटचा आक्षेप सर्वांत कठोर आहे. जुने इंजिन कधी बंद पडेल याची धास्ती असलेल्याने, पेट्रोलचे पैसे मोजून चालवणाऱ्याने, वर्षभराचे मेळावे गाठायचे कसे? पुनर्भेटीचे हे शास्त्र बऱ्या परिस्थितीतल्यांचीच चैन नाही का? काही प्रमाणात आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न व्यक्तीच्या शहाणपणावर सोडून चालत नाही. स्वस्त आणि दीर्घ मुक्कामाच्या सार्वजनिक जागा, हंगामी कामाच्या ठिकाणी राहायला सोयीचे तळ, झोपलेल्या माणसाला रोज रात्री हुसकून न लावणारे नगरपालिकेचे धोरण, या गोष्टी सोबतीच्या प्रश्नाशी थेट जोडलेल्या आहेत. सरकार कुणाला जोडीदार मिळवून देऊ शकत नाही, आणि देऊही नये. पण माणसाला एका जागी चौदा दिवसांहून जास्त टिकू न देणारा नियम करताना आपण त्याची शेजारी मिळण्याची शक्यताही कापतो, हे धोरण आखणाऱ्यांनी ओळखावे. निवाऱ्याचा हिशेब छप्पर, पाणी आणि शौचालय यांवर संपतो असे मानले जाते. त्यात ओळखीच्या माणसांचा सहवासही धरला पाहिजे.

पुढील प्रकरणांची मांडणी याच क्रमाने आहे. आधी वर्षाचा फेरा कसा आखावा आणि त्यात कोणत्या मुक्कामांना परत परत यावे, मग ओळखीचे रूपांतर मैत्रीत होताना काय पाहावे, मग दोन वाहनांचे किंवा एका वाहनाचे सहजीवन, पैसा, आजारपण आणि वेगळे होण्याची वेळ. वाचकाने हे जोडीदार मिळवण्याच्या युक्त्या म्हणून वाचू नये; तसे वाचणाऱ्याची निराशा होईल. आणि ज्याला पक्के घर आहे त्यानेही हा विषय परक्यांचा समजू नये. बदलीच्या नोकरीत, परगावच्या भाड्याच्या खोलीत, मुले परदेशी गेल्यावर उरलेल्या मोठ्या सदनिकेत, पुन्हा भेटणाऱ्या माणसांचा फेरा आपल्याभोवतीही विरळ होत चालला आहे. रस्त्यावरच्या माणसांना तो शून्यातून उभारावा लागला आणि त्यांनी तो उभारला. भटक्यांना स्थिर व्हा म्हणून शिकवण्याची घाई स्थिर समाजाने आजवर पुष्कळ केली आहे. सोबत कशी उभी करायची, हे त्यांच्याकडून शिकण्याचीही आता तयारी दाखवावी.